नवरा जर्मनीत, बायको-मुलं इंदिरानगरात: आधी तारीख बघा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या इंदिरानगरात एका ताईंच्या घरी वरच्या मजल्यावर एक अफगाण बाई, तिची दोन मुलं आणि सासू २०२१ च्या अखेरीपासून भाड्याने राहतात. नवरा काही वर्षांपूर्वी इथेच कॉलेजात शिकून गेलेला. तो मागे अडकला, २०२३ मध्ये कसाबसा जर्मनीत पोहोचला, आणि सात आठवड्यांपूर्वी तिथे त्याला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली. मुलगा येत्या डिसेंबरात १८ पूर्ण करेल, मुलगी ११ वर्षांची आहे. या सगळ्यांना त्याच्याकडे जाता येईल का, कायदा काय म्हणतो, आणि घरमालक म्हणून आपल्या डोक्याला काही ताप होईल का, असं ताई विचारतात.

ताई, उत्तर लांबणार आहे. पण पुढचं वाचायच्या आधी एकदा वर जाऊन या आणि त्या बाईंना सांगा: नवऱ्याला मान्यतेचा कागद ज्या दिवशी हातात पडला, त्या दिवसापासून तीन महिन्यांच्या आत जर्मन सरकारकडे नोंद गेली पाहिजे. सात आठवडे गेले, म्हणजे पाच-सहा उरले. कागद जमले नाहीत, भाषांतर व्हायचंय, वकिलातीची अपॉइंटमेंट मिळत नाही, यातलं काहीही त्या नोंदीच्या आड येत नाही. ही नोंद जर्मन परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येते. नवरा ज्या शहरात आहे तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात त्याने स्वतः लेखी दिली तरी ती मुदतीत धरतात. त्याला फोन करून आजच करायला सांगा, आणि पोच छापून दोन्हीकडे ठेवा. मोबाइलमधला स्क्रीनशॉट मोबाइलबरोबरच हरवतो.

मी हे इतकं ठासून सांगते, कारण २०१७ मध्ये ही चूक मी स्वतः केली आहे. अशीच एक केस होती. मी आपल्या कोर्टातल्या सवयीने आधी निकाहनाम्याचं भाषांतर, मग नोटरी, मग नीटनेटकं कव्हरिंग लेटर असं करत बसले. कागद गेले तेव्हा मुदत उलटून नऊ दिवस झाले होते. हक्क बुडाला नाही, पण तीन महिन्यांत अर्ज आला तर जर्मन कायदा पगार आणि घराचा आकार विचारत नाही. त्यानंतर विचारू शकतो, आणि माफ करायचं की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातं. तो माणूस गोदामात अर्धवेळ काम करत होता. पाच जणांना पुरेल एवढा पगार दाखवता येईपर्यंत दोन वर्षं गेली. धाकटी मुलगी वडिलांना भेटली तेव्हा त्यांना ओळखेना.

आता नवऱ्याच्या कागदाकडे. तुम्ही 'निर्वासित म्हणून मान्यता' लिहिलंय, पण लोक सरसकट सगळ्यालाच तसं म्हणतात. जर्मनीत प्रामुख्याने दोन वेगळे दर्जे दिसतात. एक, १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार पूर्ण निर्वासित. दुसरा, दुय्यम संरक्षण: माणसाला परत पाठवलं तर जिवाला धोका आहे, पण कराराच्या व्याख्येत तो बसत नाही. त्याच्या निवासपरवान्यावर दोन्हीकडे कलम २५, उपकलम २ असंच असतं. पुढे 'पहिला पर्याय' की 'दुसरा पर्याय' हे बघायचं. पूर्ण निर्वासिताला निळं प्रवासपत्र मिळतं, ती खूण सोपी. त्याला फोटो पाठवायला सांगा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

दुय्यम संरक्षण असेल तर बातमी वाईट आहे. २४ जुलै २०२५ पासून जर्मनीने या लोकांच्या कुटुंबांचे व्हिसा दोन वर्षांसाठी थांबवले आहेत. अगदी अपवादात्मक हालअपेष्टांच्या केसेस तेवढ्या सुटतात. असं पहिल्यांदा झालेलं नाही. मार्च २०१६ पासून जुलै २०१८ पर्यंतही हे बंद होतं, मग महिन्याला १,००० व्हिसांचा कोटा आला. हे जर्मनीला करता येतं, कारण युरोपीय संघाचा कुटुंब-एकत्रीकरणाचा २००३ चा निर्देश, ज्याचा क्रमांक वकील मंडळी २००३/८६ असा सांगतात, फक्त पूर्ण निर्वासितांना बांधील हक्क देतो. खुद्द १९५१ च्या करारात कुटुंबाला बोलावण्याचा हक्क नाहीच. परिषदेच्या अंतिम मसुद्यात एक शिफारस आहे, सरकारांनी निर्वासिताच्या कुटुंबाची एकी राखावी अशी. शिफारस म्हणजे शिफारस. म्हणूनच प्रत्येक देशाचं गणित वेगळं, आणि म्हणूनच पुण्यातल्या कुणा मित्राच्या भावाचं कॅनडात कसं झालं हे तुमच्या भाडेकरूच्या उपयोगाचं नाही.

पुढे मी गृहीत धरते की दर्जा पूर्ण निर्वासिताचा आहे.

बायको आणि मुलीचं काम सरळ आहे. लग्न तो जर्मनीला जाण्याआधीचं आहे, तेव्हा तिला जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागणार नाही. जर्मन नागरिकाशी लग्न झालेल्या मुलीला व्हिसासाठी साधारणपणे 'ए-१' च्या, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीच्या, क्लासला जावं लागतं, अशी उदाहरणं तुम्ही पाहिली असतील. इथे तो नियम नाही. एक फट तेवढी आहे. तीन महिन्यांची सवलत मिळायला आणखी एक अट असते: कुटुंब दुसऱ्या एखाद्या देशात, जिथे त्यांचं विशेष नातं आहे तिथे, एकत्र राहू शकत नसलं पाहिजे. नवरा नाशिकला शिकलेला, बायको-मुलं चार वर्षं नाशिकला. एखादा अधिकारी विचारेल, मग भारतातच का राहत नाही? उत्तर तयार हवं. भारताने ना १९५१ च्या करारावर सही केली, ना १९६७ च्या पूरक करारावर, आणि आपल्याकडे निर्वासितांचा कायदाच नाही. दिल्लीच्या संयुक्त राष्ट्र निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाचं कार्ड असलं तरी तो राहण्याचा परवाना होत नाही. एरवी मला या गोष्टीची लाज वाटते. इथे ती त्यांच्या बाजूने वापरायची.

खरी घाई मुलाची आहे. डिसेंबरात तो सज्ञान होईल, आणि साधारण नियम असा की सज्ञान मुलगा 'कुटुंबा'तून बाहेर पडतो. आपल्याकडे तिशीतला मुलगाही आईच्या हातचं जेवतो, पण युरोपच्या कायद्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित अल्पवयीन मुलं. यात एक मोठा निकाल त्याच्या मदतीला आहे. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने १ ऑगस्ट २०२२ रोजी एका सीरियन बापाच्या केसमध्ये, जर्मनीविरुद्धच, ठरवलं की मुलाचं वय बापाने आश्रयाचा अर्ज केला त्या दिवशीचं धरायचं. सरकारी कचेरीने फाइल दोन वर्षं ठेवली म्हणून मुलाचा हक्क मरू नये, हा त्यामागचा विचार. १२ एप्रिल २०१८ चा त्याआधीचा एक निकाल उलट बाजूचा आहे: मूल एकटं पोहोचलं आणि आईबापांना बोलावायचं आहे, तिथेही मूल अर्जाच्या दिवशी अल्पवयीन असेल तर पुरे.

या मुलाचे वडील २०२३ मध्ये पोहोचले. त्यांनी लगेच अर्ज केला असेल तर मुलगा तेव्हा १५ चा. म्हणजे तो बसतो. मात्र २०२२ च्या निकालात अट आहे की एकत्रीकरणाचा अर्ज मान्यतेनंतर तीन महिन्यांत गेला पाहिजे. वर सांगितलेली ऑनलाइन नोंद म्हणजे अर्ज नव्हे. ती पगार-घराच्या सवलतीसाठी. मुलासाठी त्याच्या स्वतःच्या नावाचा, सहीचा, साध्या कागदावरचा का होईना, व्हिसाचा अर्ज मुंबईतल्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे मुदतीत आणि शक्यतो वाढदिवसाआधी पोहोचू द्या. ईमेलने पाठवा, शिवाय रजिस्टर पोस्टानेही. आईची सही घ्या. त्यात एक वाक्य हवंच: 'अपॉइंटमेंट मिळेल तेव्हा मूळ कागदपत्रांसह हजर राहू.' याच न्यायालयाने १८ एप्रिल २०२३ ला बेल्जियमच्या एका केसमध्ये म्हटलंय की दूतावासापर्यंत पोहोचणं अशक्य वा फार कठीण असेल, तर अर्ज द्यायलाच प्रत्यक्ष या, असा हट्ट धरता येत नाही. मुंबई काही नाशिकहून अशक्य नाही, पंचवटी एक्सप्रेस आहे. अपॉइंटमेंट न मिळणं ही अडचण वेगळी. तरी तो निकाल माहीत असलेला बरा.

२०२२ च्या त्याच निकालात असंही आहे की नुसतं रक्ताचं नातं पुरत नाही, नातं जिवंत हवं. पण एका छताखाली राहायला हवं किंवा पैसे पाठवायला हवेत असं नाही. अधूनमधून भेट, नियमित बोलणं चालतं. तेव्हा मुलाच्या मोबाइलमधला बापाबरोबरचा कॉलचा इतिहास पुसू नका म्हणावं. या वयाची मुलं फोन बदलतात आणि सगळं घालवतात.

कागदांचं सांगते. तझकिरा म्हणजे तिथलं ओळखपत्र, निकाहनामा, मुलांचे जन्माचे दाखले. यात सगळ्यात जास्त घोळ तारखांचा होतो. अफगाणिस्तानात सौर हिजरी वर्ष चालतं, नवरोजला म्हणजे मार्चमध्ये सुरू होतं. १३८६ साल म्हणजे मार्च २००७ ते मार्च २००८. भाषांतर करणारा सरसकट ६२१ मिळवतो, आणि जानेवारी ते मार्चमधला जन्म एक वर्षाने मागे जातो. ज्यांना महिना माहीत नसतो त्यांची तारीख १ जानेवारी टाकली जाते, जसे आपल्याकडच्या एका पिढीचे सगळे आजोबा १ जूनला जन्मले. इथे तर एका वर्षाने मुलगा अल्पवयीन की सज्ञान हे ठरतंय. नवऱ्याने जर्मनीत मुलाखतीत जी तारीख सांगितली, तिचं टिपण त्याच्याकडे असतं. तझकिरा, निर्वासित कार्ड, भारतीय व्हिसा आणि ते टिपण, चारही समोर ठेवून जुळवा. फरक असेल तर लपवू नका. खुलाशाचं प्रतिज्ञापत्र जोडा. लपवलेला फरक सापडला की मग सगळ्याच कागदांवर संशय येतो.

कागदच नसतील तर? निर्देशाच्या कलम ११ मध्ये स्पष्ट आहे की निव्वळ कागद नाहीत म्हणून निर्वासिताच्या कुटुंबाला नाकारता येत नाही; दुसरे पुरावे बघावेच लागतात. १३ मार्च २०१९ ला एरिट्रियाच्या एका बाईच्या केसमध्ये न्यायालयाने नेदरलँड्सला हेच ऐकवलं. लग्नाचे फोटो, शाळेचे दाखले, शेजाऱ्यांची निवेदनं, आणि जन्मदात्या नात्यासाठी स्वेच्छेने दिलेली डीएनए चाचणी. पासपोर्टची अडचण वेगळी. आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाचे पासपोर्ट छापतात, त्यामुळे आपल्याला पासपोर्ट ही घरची वस्तू वाटते. यांच्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून मुदत संपलेल्या पासपोर्टांनी अनेकांना रडवलं. अगदीच मार्ग खुंटला तर आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचं आणीबाणीचं प्रवासपत्र असतं. ते एका प्रवासापुरतं, आणि जाणारा देश व्हिसा द्यायला तयार असेल तरच. दोन आठवड्यांत पासपोर्ट करून देतो म्हणणाऱ्या एजंटाला मात्र दारातूनच वाटेला लावा.

व्हिसा मिळाला म्हणजे झालं असं समजून लोक पेढे वाटतात, आणि मग विमानतळावरून परत येतात. भारतातून बाहेर पडायचीही परवानगी लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या सरकारने अफगाणांचे जुने व्हिसा रद्द ठरवून फक्त ई-व्हिसावर यायला सांगितलं होतं. तो सहा महिन्यांचा असे. तुमचे भाडेकरू तसेच आले असतील, आणि पुढची मुदतवाढ अर्धवट असेल. मुदत संपल्यावर राहिलेल्या परदेशी माणसाला एक्झिट परमिट घ्यावं लागतं. अर्ज ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, आणि पडताळणीसाठी पोलिस आयुक्तालयाची विशेष शाखा. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा फॉरेनर्स अॅक्ट जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५ लागू झालाय. त्यात मुदतीपलीकडे राहण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड आहे. घाबरू नका, निर्वासित कार्ड असलेल्या आणि व्हिसा हातात घेऊन देश सोडणाऱ्या कुटुंबाला तुरुंगात टाकायची कुणाला हौस नसते. पण दंड, खुलासा, पडताळणी यात आठवडे जातात, आणि जर्मन व्हिसाची मुदत तोवर चालू असते. म्हणून ही फाइल व्हिसाच्या अर्जाबरोबरच उघडा. अडवणूक झालीच तर राज्यघटनेचं कलम २१ नागरिक नसलेल्यांनाही आहे. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सांगितलं. शिवाय बालहक्क कराराच्या कलम १० मध्ये कुटुंब एकत्र यावं म्हणून देशात येण्या-जाण्याचे अर्ज सकारात्मक, माणुसकीने आणि लवकर निकाली काढायचं बंधन आहे, आणि तो करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला आहे. मुलीच्या अर्जात मी हे कलम नेहमी लिहिते. वाचणारा वाचतो.

तुमच्यावर काय येईल? परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायची असते. सगळे त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. हॉटेलांना ते माहीत असतं, घरमालकांना नसतं. २०२१ ला भरला असेल तर त्याची प्रत काढा. नसेल तर आता विशेष शाखेत स्वतःहून जा, भाडेकरार न्या, उशिराचं कारण लेखी द्या. एक्झिट परमिटच्या पडताळणीत हवालदार तुमच्याच दारात येणार आहे. तेव्हा कळण्यापेक्षा आधी तुम्ही सांगितलेलं बरं.

दुसऱ्या देशांचंही लोक विचारतात, म्हणून दोन ओळी. ब्रिटनने ४ सप्टेंबर २०२५ पासून निर्वासितांच्या कुटुंबाचे नवे अर्ज घेणं थांबवलंय. अमेरिकेत नवरा-बायको आणि २१ खालची अविवाहित मुलं यांच्यासाठी दोन वर्षांत 'आय-७३०' अर्ज करायचा असतो. कॅनडात मुदत एक वर्षाची, आणि तिथला सापळा वेगळा: मूळ फॉर्मवर ज्याचं नाव लिहिलं नाही त्याला पुढे कुटुंबातला म्हणून बोलावणं अवघड होतं. डेन्मार्कने तर तात्पुरतं संरक्षण असलेल्यांना बायकोला बोलवायला तीन वर्षं थांबायला लावलं होतं. एका सीरियन डॉक्टरने स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात ९ जुलै २०२१ ला तो नियम पाडला.

आपल्याकडे याची उलट बाजू देवळाली कॅम्पात बघायला मिळते. माझी वकिलीच तिथल्या सिंधी कुटुंबांच्या फायलींवर सुरू झाली. फाळणीनंतर देवळालीत छावणी होती. पंचाहत्तर वर्षांनंतरही कुणाची बहीण सिंधमध्ये, कुणाचा पुतण्या. त्यांना इथे आणायला निर्वासितांचा म्हणून कायदा नाही, दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे आणि नागरिकत्व कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीत भारतात आल्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०१४. एका घरातला थोरला २०१३ ला आला तो आत, धाकटा २०१६ ला आला तो बाहेर, दोघं एकाच दुकानात बसतात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर पाकिस्तानी व्हिसा रद्द झाले तेव्हा रात्री अकराला फोन येत होते. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम आहेत हा खुलासा आला तोवर दोन घरांत बॅगा भरून झाल्या होत्या.

शेवटी सासूबाई. तुम्ही 'या सगळ्यांना' लिहिलंय, म्हणून हे सांगणं भाग आहे: त्या या अर्जात बसत नाहीत. सज्ञान निर्वासिताची आई जर्मन कायद्याने जवळचं कुटुंब नाही. असामान्य कठोर परिस्थिती असेल तर वेगळा अर्ज होतो, पण वृद्धापकाळ आणि एकटेपणा एवढ्याने ती सिद्ध होत नाही. रोजची शुश्रूषा लागते आणि ती फक्त मुलगाच देऊ शकतो, हे वैद्यकीय कागदांनी दाखवावं लागतं. ३० जानेवारी २०२४ ला लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ऑस्ट्रियाच्या केसमध्ये पूर्णपणे आईबापांवर अवलंबून असलेल्या आजारी सज्ञान बहिणीला आत घेतलं, पण तिथे बोलावणारा अल्पवयीन मुलगा होता. तो निकाल जसाच्या तसा इथे लागत नाही. सिव्हिल हॉस्पिटलचे, खासगी दवाखान्याचे, जे काही केसपेपर असतील ते आतापासून जपा. बाकीचे तिघं थांबतील, आईला घेऊनच जाऊ, असं सूनबाई म्हणतील. मला बहुतेक घरांत हेच ऐकायला मिळतं. त्यांना मुलाच्या डिसेंबरची आठवण करून द्या.

आणि एक काम तुमच्याकडे. आत्ताचा भाडेकरार सुनेच्या नावावर असणार. ती गेली की सासूबाईंकडे पत्त्याचा एकही पुरावा उरणार नाही, ना निर्वासित कार्डाच्या नूतनीकरणाला, ना पोलिसांकडे, ना पुढच्या जर्मन अर्जाला. पुढचं लिव्ह अँड लायसन्स नोंदवताना त्यांचं नाव त्यात घाला.